दहा हजार पावलं सक्तीची आहेत का?

सांगलीची_मावशी: मी ६६ वर्षांची. मुलाने मनगटावर घड्याळ बांधून दिलंय. रात्री साडेनऊला ते ६,२०० दाखवतं, मग मी डायनिंग टेबलाभोवती प्रदक्षिणा घालते. सूनबाई म्हणते, "आई, वडाला तरी सातच घालतात!" उजवा गुडघा कुरकुरतो. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढला?

गणिताचा_मास्तर: डॉक्टरने नाही, मावशी. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, लक्षात राहणारा. संशोधन नंतर आलं.

रोजचा_चालणारा: हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा २०१९चा अभ्यास वाचा. सरासरी ७२ वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन बायका. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी दिसला. साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढेना.

गणिताचा_मास्तर: एक खोच आहे. आजारी माणूस मुळातच कमी चालतो. म्हणून चालण्यानेच आयुष्य वाढलं असं त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांनी तब्येतीचा हिशोब धरला होता, तरीही. आणि गुडघा मात्र डॉक्टरांना दाखवाच.

सांगलीची_मावशी: उद्याच दाखवते. आजपासून प्रदक्षिणा बंद. शिवाय काल पोळ्या लाटताना बघितलं, उभ्या जागी घड्याळाने ३०० पावलं मोजली! सूनबाईला अजून सांगितलेलं नाही.