रेडफर्न, सिडनी: दाखल्याविना ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी) कुटुंबाची आरोग्य तपासणी होईल का?

प्रश्न: कुटुंब गावाकडून नुकतंच आलंय. वंशाचा दाखला नाही. दवाखान्यात अडेल का?

उत्तर १: नाही हो. मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, ७१५ क्रमांकाच्या आरोग्य तपासणीला ‘मी ॲबोरिजिनल आहे’ एवढं सांगणं पुरतं. बल्क-बिल करणाऱ्या (बिल थेट मेडिकेअरला लावणाऱ्या) दवाखान्यात फुकट, ९ महिन्यांनी पुन्हा. घोळ काउंटरवर होतो: चेहऱ्यावरून अंदाज बांधतात, विचारतच नाहीत. स्वतःहून सांगा. रेडफर्नची ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस १९७१ पासून आहे, तिथे बिचकायला होत नाही.

उत्तर २: दाखला काही घरं, शिष्यवृत्त्या, राखीव नोकऱ्यांना लागतो. वंश, स्वतःची ओळख, समाजाची मान्यता, तिन्ही हवं. शिक्का ॲबोरिजिनल संस्थेचा. अर्ज बैठकीपुढे जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावू नका.

उत्तर ३: पूर्वी सरकार ॲबोरिजिनल मुलांना घरातून उचलून न्यायचं; आजीला लहानपणी असं नेलं असेल तर कागद कुठून येणार? आधी लिंक-अप या संस्थेकडे जा, ते नातलगांचा माग काढतात.