ली अल्गोरिदम: शेवटचे ५ नेट अडतात, क्रम बदलला की दुसरेच अडतात

ताणाबाणा_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा बोर्ड मीच करतोय. १०० बाय ८० मिमी, दोन लेयर. डिझाइन कीकॅड या सर्किट बोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, पण राउटर, म्हणजे बोर्डवर तांब्याचे ट्रॅक आखणारा प्रोग्राम, हौसेनं पायथनमध्ये स्वतः लिहिलाय: ०.२५ मिमी ग्रिड, ली अल्गोरिदम (घराघरानं चहूकडे पसरत सगळ्यात जवळची वाट शोधणारा). ४६ पैकी ४१ नेट (एकमेकींना जोडायच्या पिनांचे गट) झकास जातात. छोटे आधी लावले की कनेक्टरजवळचे अडतात, लांबचे आधी लावले की कंट्रोलरच्या पिना कोंडतात. वाट असेल तर ली शोधतोच ना? ए-स्टार (उरलेल्या अंतराचा अंदाज धरून आधी लक्ष्याकडे शोधणारी पद्धत) घालू का? भाऊ म्हणतो, हातानं ओढ की बे. मला प्रोग्रामनंच करायचंय.

व्हाया_कमी
ए-स्टारनं वेग वाढेल, अडलेले सुटणार नाहीत. १९६१ पासून लीची हमी एका नेटपुरतीच आहे, तीही आधीच्या ट्रॅकना भिंत धरून. क्रम बदलून फक्त बळी बदलतो.

१९९५ ची मॅकमर्ची-एबेलिंग यांची पाथफाइंडर पद्धत बघा. मूळची एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी नंतर ठरवता येणाऱ्या चिपसाठी, पण इथंही चालते. पहिल्या फेरीत नेट एकमेकांवर खुशाल चढू द्या. ग्रिडच्या घराची किंमत = (मूळ + इतिहास) × सध्याची गर्दी. फेरी संपली की जिथं दोन नेट भांडतायत त्या घरांचा इतिहास वाढवा, सगळे उपसा, पुन्हा लावा. ज्याला दुसरी वाट आहे तो आपसूक सरकतो, ज्याला नाही तो जागा धरतो. गर्दीचा गुणक हळूहळू चढवा, एकदम चढवलात तर परत भिंतीच उभ्या. आणि घर मोजताना क्लिअरन्स (दोन ट्रॅकमध्ये सोडायचं अंतर) धरा, नुसती ट्रॅकची रुंदी नको.

होटगीरोड_सोल्डर
त्याच्या आधी पार्ट हलवा ओ. कनेक्टर उलटा फिरवला, ऑप्टोकपलरचे (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा पार्ट) चॅनेल अदलाबदल केले, की रॅट्सनेस्टमधला (न लावलेल्या जोडण्यांच्या सरळ रेषांचा) निम्मा गुंता तिथंच सुटतो. ग्राउंड राउटरला देऊच नका, खालच्या लेयरला पोर, म्हणजे तांब्याचा सलग थर, करा.

काँटॅक्टरची (मोठ्या विजेच्या स्विचची) २३० व्होल्टची लाइन मात्र हातानंच, भाऊचं तेवढं ऐका. शेडमध्ये कापसाची लव उडते, बोर्डवर बसते, पावसाळ्यात ओल धरते. तिथं अंतर भरपूर ठेवा, मध्ये स्लॉट कापा, तो पट्टा राउटरला बंद.

ताणाबाणा_सोलापूर
कनेक्टर फिरवला, ग्राउंड आणि २३० काढले. इतिहासवालं लिहिलं, भांडणारी घरं फेरीगणिक कमी होतायत. पण व्हाया (दोन लेयर जोडणारी भोकं) फार पडतायत, खालचा पोर चाळणी झालाय.

व्हाया_कमी
व्हायाला १० घरांची किंमत लावून बघा, खालच्या लेयरला वरच्याच्या दुप्पट. ए-स्टार घालणार असाल तर अंदाज वरच्या, स्वस्त लेयरच्या दरानं काढा. दुप्पट दरानं काढलात तर स्वस्त वाट हुकेल.