मदत हवी आहे: ई-स्पोर्ट्सच्या अभ्यासक्रमाचा आराखडा

पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी एका सत्राचा विषय आखतोय. १५ आठवडे, आठवड्याला ४ तास. विद्यार्थी ४०, लॅबमध्ये संगणक १०. कच्च्या आराखड्यात तीन खेळांवर तीन घटक आणि शेवटी १६ संघांची डबल एलिमिनेशन (दोनदा हरलेला संघ बाद) स्पर्धा आहे. एवढं सत्रात बसेल का? आणि गुण कशावर द्यावेत?

प्रतिसाद १
खेळांवर घटक बेतू नका, कळकळीची विनंती. लीग ऑफ लेजेंड्स या ऑनलाइन गेमला साधारण दर दोन आठवड्यांनी पॅच (गेममध्ये बदल करणारं अपडेट) येतो, म्हणजे पहिल्या आठवड्यात शिकवलेले डावपेच परीक्षेपर्यंत शिळे. टिकतं ते स्पर्धा चालवण्याचं काम: नियमावली, ड्रॉ, पंचगिरी, प्रक्षेपण, गेम कंपनीची परवानगी. घटक त्यातून काढा, सरावाला खेळ एकच ठेवा.

स्पर्धेचा हिशेब तर मुळातच बसत नाही. डबल एलिमिनेशनमध्ये १५ संघ प्रत्येकी दोनदा हरले पाहिजेत, म्हणजे किमान ३० सामने. पाच विरुद्ध पाचच्या खेळात दहाही संगणक एकाच सामन्यात अडकतात. बेस्ट ऑफ थ्रीला (तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी) दोन तास धरले की तुमचे ६० तास तिथेच संपले. त्याऐवजी ८ संघ, सिंगल एलिमिनेशन (एकदा हरला की बाद), ७ सामने ठेवा. फक्त अंतिम सामना बेस्ट ऑफ थ्री.

धागाकर्ता
पण ८ संघ म्हणजे चाळीसही जण खेळणार. मग स्पर्धा चालवणार कोण?

प्रतिसाद २
खेळाडू इतर विभागांतून बोलवा. तुमच्या चाळिसांच्या दहा-दहाच्या चार तुकड्या करा आणि प्रत्येकीला एक उपांत्यपूर्व सामना द्या: २ पंच, २ समालोचक, १ ऑब्झर्व्हर (प्रेक्षकांना सामना दाखवणारा गेममधला कॅमेरा चालवणारा), २ प्रक्षेपणाला, १ नेटवर्कला, २ संघांच्या दिमतीला. पुढच्या फेऱ्यांत कामं बदला.

संगणक मात्र किमान १३ लागतील: ऑब्झर्व्हरला एक, प्रक्षेपणाला एक, एक राखीव. १०८०पी, ६० फ्रेमच्या थेट प्रक्षेपणाला साधारण ६ एमबीपीएस लागतात. अपलोड त्याच्या दुप्पट हवा, आणि सगळं केबलवर, वायफायवर नाही.

घात होतो तो लॅबच्या रिस्टोअर सॉफ्टवेअरने, म्हणजे दर वेळी संगणक मूळ स्थितीत आणणाऱ्या सॉफ्टवेअरने. रात्री अपडेट टाकलेलं असतं, सकाळी संगणक चालू केला की ते पुसलेलं. मग ३० जीबीचं अपडेट दहा यंत्रांवर एकदम सुरू होतं आणि सामना तासभर लटकतो. गेमसाठी वेगळं, न पुसलं जाणारं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) करून घ्या. व्हॅलोरंट हा गेम घेणार असाल तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणकातल्या दोन सुरक्षा-सोयी) चालू लागतात. हे लॅब-प्रशासकाशी आधीच बोलून ठेवा.

प्रतिसाद १
गुणांचं राहिलं. खेळातल्या रँकवर एकही गुण नको. नाहीतर घरी चांगला संगणक असलेली मुलं आपोआप पुढे जातात. नियमावली ३०, सामन्याच्या दिवसाचं काम ३०, प्रक्षेपण २०, घटनानोंद आणि अहवाल २०. नियमावली तपासताना एकच प्रश्न विचारा: पाचव्या मिनिटाला खेळाडूचं कनेक्शन गेलं तर पॉज किती मिनिटांचा, आणि तो संपल्यावर निर्णय कोण देतो? याचं उत्तर एका ओळीत सापडलं नाही, तर नियमावली परत लिहायला द्या.

आणि रिप्लेचा (गेमने साठवलेल्या सामन्याच्या नोंदीचा) त्याच आठवड्यात व्हिडिओ करून ठेवा. पॅच बदलला की बऱ्याच खेळांत जुनी रिप्ले फाइल उघडतच नाही, आणि मूल्यमापनाला पुरावा उरत नाही.