कर्मांचा करार न मानता कृपेचा करार शिकवता येईल का?

खानापूरकर (चर्चा सुरू करताना)

आपल्या मराठी मंडळ्यांत प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी ‘नवा करार’ हे शब्द उच्चारले जातात. पण तो कशाच्या तुलनेत नवा, असे विचारले की बहुतेक जण मोशेचे आणि त्याच्याद्वारे नियमशास्त्र दिले गेले त्या सीनाय पर्वताचे नाव घेतात. माझ्या मते त्याहून मागे, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापर्यंत गेले पाहिजे. तेथे देवाने आदामाला एका झाडाचे फळ खाण्यास मनाई केली आणि आज्ञा मोडल्यास मरण ठरवले. १६४६ मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या श्रद्धाविधानाच्या, सातव्या अध्यायात यालाच कर्मांचा करार म्हटले आहे: संपूर्ण आणि व्यक्तिशः आज्ञापालन केले तर जीवन. तो करार मोडल्यावर पापी माणसाला ख्रिस्तावरील विश्वासाने जीवन देऊ करणारा करार तो कृपेचा. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल ख्रिस्तासमोर आदामालाच उभे करतो, मोशेला नव्हे.

हा भेद शिकवला जात नाही म्हणून आपल्याकडे उपवास, दशांश आणि रात्रभरच्या प्रार्थना यांचा हिशोब मांडला जातो. ‘एवढे केले, आता देवाने ऐकलेच पाहिजे’ ही भाषा मोडलेल्या कराराखाली परत जाऊन उभे राहण्याची भाषा आहे, आणि ती ऐकताना मला मनापासून वेदना होतात.

निपाणीचे एक वाचक

बंधू, आपली कळकळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात करार हा शब्दच नाही. तो प्रथम येतो नोहाच्या वृत्तांतात. वेस्टमिन्स्टर परंपरेतच वाढलेले आणि फिलाडेल्फियात शिकवणारे जॉन मरी यांनीही ‘कर्मांचा करार’ हे नाव स्वीकारले नाही. मातीपासून घडवलेल्या माणसाला श्वास, बाग आणि सहचारिणी मिळाली, त्यातले त्याने काय कमावले होते? देवाचे माणसाशी असलेले पहिले नातेच मजुरी आणि मोबदल्याचे ठरवले, तर ज्या हिशोबी वृत्तीची आपण तक्रार करता तिला एदेन बागेतच आधार मिळतो. सीनायवरसुद्धा दहा आज्ञांच्या आधी ‘मी तुला मिसर देशातून बाहेर आणले’ हे वाक्य आहे. सुटका आधी, आज्ञा नंतर.

खानापूरकर

शब्द नसला म्हणून करार नाही, हे पवित्र शास्त्रालाच मान्य नाही. दुसरे शमुवेल, सातव्या अध्यायात दाविदाला वचन मिळते तेव्हा करार हा शब्द येत नाही, तरी ८९ वे स्तोत्र त्या वचनाला करारच म्हणते. देवाचे औदार्य एदेनातही होते, हे वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा सातवा अध्याय पहिल्याच परिच्छेदात सांगतो: देव स्वेच्छेने खाली आला नसता, तर माणसाला त्याच्याकडून कोणतेही प्रतिफळ मिळाले नसते. मात्र निर्दोष माणसावरील औदार्य वेगळे आणि दोषी ठरलेल्यावरील कृपा वेगळी.

इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कर्जदार थकला की ती रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. कृपा ही कर्जमाफी नव्हे. पहिल्या कराराची मागणी कोणीतरी पूर्ण केली म्हणूनच दुसरा करार आपल्याला फुकट मिळतो. ती मागणीच नव्हती असे मानले, तर ख्रिस्ताने वधस्तंभावर नेमके काय फेडले?

चिक्कोडीच्या एक भगिनी

खानापूरचे दादा, मी मेथडिस्ट मंडळीतली आहे. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि पुढे ते मेथडिस्ट मिशनकडे आले, त्यामुळे हा विषय केवळ प्रेस्बिटेरियन लोकांचा आहे असे येथे कोणी समजू नये. पूर्वनियुक्तीच्या, म्हणजे कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे का या, प्रश्नावर कॅल्विनपंथीयांशी कडाडून वाद घालणाऱ्या मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्ली यांनीही ‘विश्वासाचे नीतिमत्त्व’ या प्रवचनात स्पष्ट म्हटले आहे की, कर्मांचा करार बागेतल्या आदामाशी होता आणि कृपेचा करार ख्रिस्ताद्वारे सर्व युगांतील माणसांशी आहे. याबाबत मी आपल्या बाजूची आहे. जामिनाच्या दाखल्यात मात्र एक भर घालते. कर्ज फिटले की खाते फक्त शून्यावर येते. रोम ५:१९ त्यापुढे जाऊन एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील असे सांगते. म्हणजे ख्रिस्ताचे मरणच नव्हे, त्याचे आज्ञाधारक जीवनही आपल्यासाठी होते.

माझी खरी चिंता आणखी वेगळी आहे. आजारी माणूस बरा झाला नाही की ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे त्याच्या उशाशी बसून सांगितले जाते. कर्मांच्या जागी विश्वास ठेवला आणि तोही मोजायला घेतला, तर नाव कृपेचे राहते आणि करार कर्मांचाच होतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देवाने अब्रामाशी करार केला तेव्हा कापलेल्या पशूंच्या मधून देवाची खूण म्हणून धुमसती भट्टी आणि जळती मशाल गेली. अब्राम गाढ झोपेत होता, म्हणजे करार देवाने एकट्याने बांधला. विश्वास हा घेणारा हात आहे, देण्याची रक्कम नव्हे.

निपाणीचे एक वाचक

ताई, विश्वासाबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण पटते, आणि तेवढ्यासाठी आदामाशी करार मानण्याची गरज नाही असेच मला अजूनही वाटते. दादांना माझा प्रश्न सीनायचा आहे. लेवीय १८:५ म्हणते की, हे नियम पाळणारा त्यांच्या योगे जिवंत राहील. पौल गलती ३:१२ मध्ये तेच वचन विश्वासाच्या विरुद्ध बाजूला ठेवतो. मग सीनायचा करार आपण कोणत्या बाजूला घालणार?

खानापूरकर

कृपेच्या. गलती ३:१७ प्रमाणे चारशे तीस वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र अब्राहामाला दिलेले वचन रद्द करू शकत नाही. लेवीय १८:५ मध्ये जुन्या मागणीचा पुन्हा उच्चार आहे, यासाठी की ती मागणी आपल्याकडून पूर्ण होणार नाही हे कळून माणसाने जामिनाकडे धाव घ्यावी. सीनायला कर्मांच्या कराराची पुनरावृत्ती मानणारे सुधारित (कॅल्विनपंथी) परंपरेतही आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण यज्ञांची आणि प्रायश्चित्ताची तरतूद त्याच नियमशास्त्रात आहे, आणि कर्मांच्या करारात चुकलेल्यासाठी कोणतीही तरतूद नव्हती.