विंडोज १० वाला जुना लॅपटॉप लिनक्सवर न्यायचाय : कुठला डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार), आणि मराठी टायपिंग व प्रिंटरचं काय?

मोगरा_४१

घरच्या लॅपटॉपसाठी सल्ला हवा आहे. इंटेल आय३, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्डडिस्क. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वापर साधा आहे : ब्राउझर, व्हिडिओ, सोसायटीची पत्रं आणि इतिवृत्तं मराठीत टाइप करणं, त्यांच्या प्रिंट काढणं. प्रिंटर एचपी लेझरजेट पी१००८. आईबाबाही हाच लॅपटॉप वापरतात आणि त्यांचा हात गमभन पद्धतीवर (रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करणं) बसलेला आहे. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) कमीत कमी उघडावं लागेल असं सुचवा. विंडोज सोबत ठेवायचा आग्रह नाही.

डोंगरवाट

लिनक्स मिंट घ्या, २२ ची मालिका, एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची. ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी आहे, पण ४ जीबीत ती चालू होतानाच जास्त जागा धरते आणि मग ब्राउझरच्या आठ-दहा टॅबनंतर मशीन स्वॅपमध्ये (रॅम संपल्यावर डिस्कचा आधार) जाऊन घोटाळत बसतं.

खरं तर डिस्ट्रोआधी हार्डडिस्कचं बघा. फिरती डिस्क तशीच ठेवलीत तर कुठलाही डिस्ट्रो टाका, फरक थोडाच पडेल. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, एवढी पुरते. एसएसडी ७ मिमी जाडीची असते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर ट्रेमध्ये ढिली बसते, म्हणून सोबत येणारी प्लॅस्टिकची पट्टी फेकू नका.

रॅम वाढवायची तर नीट बघून घ्या. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, म्हणजे १.३५ व्होल्टची. नुसतं डीडीआर३ लिहिलेली १.५ व्होल्टची पट्टी बसते, पण मशीन चालू होईलच असं नाही. डीडीआर४ तर खाचेतच बसणार नाही. ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकून ८ जीबी झाली की मग सिनॅमनही आरामात चालेल.

चिकणमाती

वरच्या मुद्द्यांशी सहमत. इन्स्टॉल करण्याआधी एक तास लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून मिंट चालवून) घालवा, यात कंजूषी नको.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आयएसओ (मिंटची डाउनलोड करायची फाइल) साधारण ३ जीबीची आहे. डाउनलोड झाल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइल शाबूत उतरली का ते ओळखायची खूण) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइलही पेनड्राइव्हवर लिहिली जाते आणि मग इन्स्टॉलेशन मध्येच कुठेतरी मरतं. लोक दोष मिंटला देतात. लिहायला विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर वापरा.

लाइव्ह सेशनमध्ये क्रमाने तपासा : वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं.

वायफाय दिसलंच नाही तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप निघेल, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बीसीएम४३१४२ आहे. घाबरायचं कारण नाही. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच इंटरनेट मिळतं. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर इथे एक पायरी लोकांच्या हातून सुटते : इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. कंटिन्यू दाबून पुढे गेलात तर ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) तो उचलत नाही आणि वायफाय बंदच राहतं.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात टिचकी मारायला विसरू नका.

शाईचा_डाग

पी१००८ बद्दल सविस्तर लिहितो, कारण हाच प्रिंटर लिनक्सवर लोकांना सगळ्यात जास्त छळतो, आणि कारण कळलं की अजिबात छळत नाही.

या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचं राहत नाही. बटण बंद केलं की ते पुसलं जातं आणि पुन्हा चालू केल्यावर संगणकाने ते दर वेळी पाठवावं लागतं. विंडोजवर हे ड्रायव्हर गुपचूप करतो. लिनक्सवर हे काम एचपीलिप (एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) करतं, पण फर्मवेअर एचपीच्या मालकीचं असल्यामुळे ते वेगळ्या प्लगइनमध्ये येतं. प्लगइन नसेल तर लक्षण ठरलेलं : रांगेत काम ‘पूर्ण झालं’ असं दिसतं आणि प्रिंटर ढिम्म. कागदही ओढत नाही.

करायचं असं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एचपीलिप-गुई’ घ्या. प्रिंटर जोडून, चालू करून मेन्यूतून एचपीलिप टूलबॉक्स उघडा आणि ‘सेटअप डिव्हाइस’ करा. तो प्लगइन मागेल, ‘डाउनलोड’ निवडा, इंटरनेट चालू हवं. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून एचपीलिप अपडेट झालं आणि प्रिंटर अचानक गप्प झाला तर दुसरं काही न शोधता प्लगइन पुन्हा उतरवा.

आता सापळा. प्रिंटर जोडताक्षणी मिंट बहुतेक वेळा स्वतःच एक रांग (प्रिंटरची नोंद) तयार करतं आणि ती फू२झेडजेएस नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरवर असू शकते. मग तुमची एचपीलिपची रांग धरून दोन रांगा होतात आणि प्रिंट चुकीच्या रांगेत जाते. प्रिंटर सेटिंगमध्ये जाऊन नको ती रांग काढा आणि उरलेलीला डिफॉल्ट करा. फू२झेडजेएस वाईट नाही, पी१००८ त्यावरही चालतो. दोन्ही एकत्र नांदवू नका एवढंच.

बटण दाबल्यावर प्रिंटरचा घरघराट थांबेपर्यंत थांबा आणि मगच प्रिंट द्या.

हा धागा वाचणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० वाल्यांसाठी : तुमचं काम अवघड आहे. तो कॅननच्या कॅप्ट भाषेत बोलतो, कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि त्याला ३२ बिटच्या लायब्ऱ्या लागतात. मुक्त ड्रायव्हर आहे, पण तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे एअरप्रिंट किंवा आयपीपी लिहिलेला घ्या. मिंट तो आपणहून ओळखतं.

वेलांटी

मराठी टायपिंगचं मी सांगते. गमभन आहे, काळजी करू नका.

सिनॅप्टिक (पॅकेजं टाकायचं साधन) उघडून ‘आयबस’ (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सोय) आणि ‘आयबस-एम१७एन’ ही दोन पॅकेजं टाका. मेन्यूत ‘इनपुट मेथड’ नावाचं साधन आहे, तिथे आयबस निवडा. लॉगआउट करून पुन्हा आत या, हे केल्याशिवाय काही दिसणार नाही. मग आयबस प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मेथडच्या पानावर ‘ॲड’ दाबून मराठी शोधा. तिथे गमभन, मिंग्लिश, आयट्रान्स, फोनेटिक, इन्स्क्रिप्ट आणि इन्स्क्रिप्ट२ अशी यादी निघते. इंग्रजी आणि गमभन एवढेच दोन ठेवा. पाच पद्धती ठेवल्या तर आईबाबांना बदलताना कुठे आलो ते कळणार नाही.

भाषा बदलायची मूळ कळ सुपर-स्पेस आहे (सुपर म्हणजे विंडोजची कळ). एक्सएफसीईत नुसती सुपर कळ मेन्यू उघडते, म्हणून दोघांची टक्कर होते. प्रेफरन्सेसमध्ये ती कंट्रोल-स्पेस करा. फक्त लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल-स्पेस अख्खा स्तंभ निवडते, तिथे जास्त काम असेल तर दुसरी जोडी ठरवा.

इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी : ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ. साधा जे घेतलात तर ‘र्य’ होतो आणि ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’ होतं. इतिवृत्तात असं छापलं गेलेलं बघवत नाही.

आता लिब्रेऑफिस. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल) चालू करून भाषा मराठी निवडा. हिंदी राहू दिलीत किंवा काहीच निवडलं नाहीत तर नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी निवडलं की त्याच फाँटमधून मराठी वळणाचे ल, श बाहेर पडतात, फाँट बदलावा लागत नाही.

देवनागरीचा फाँट आणि आकार लिब्रेऑफिसमध्ये रोमनपासून वेगळा साठवला जातो. म्हणून नव्या कागदावर इंग्रजी १२ आणि मराठी भलत्याच आकारात असं होतं. एफ११ दाबून डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडा, फाँटच्या पानावर कॉम्प्लेक्स किंवा सीटीएलचा वेगळा भाग आहे तो एकदा नीट करा आणि तो कागद टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा.

जुनी पत्रं मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये असतील तर लिनक्सवर ते फाँट नसल्याने दुसरा फाँट लागतो आणि एक पानाचं पत्र दीड पानावर जातं. मजकूर शाबूत असतो, फक्त मांडणी हलते. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवा.

डोंगरवाट

@वेलांटी, जुनी इतिवृत्तं श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये असली तर?

वेलांटी

तो वेगळा प्रकार. त्या फायली युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सार्वत्रिक पद्धत) नाहीत, फाँट नसला की नुसती रोमन चिन्हांची खिचडी दिसते. वाचण्यापुरता फाँट हवा असेल आणि तो तुमच्याकडे रीतसर असेल तर फाँटच्या फाइलवर दोनदा टिचकी मारून इन्स्टॉल करा. पुढे वापरायच्या असतील तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग डोळ्यांनी तपासा, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात : वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. जोडाक्षरावर या दोन्ही गोष्टी आल्या की रूपांतर करणारी साधनं हमखास घसरतात, ‘कार्यकर्ता’, ‘आर्थिक’, ‘वार्षिक’ हे शब्द शोधून बघा.

पाणवठा

इन्स्टॉल झाल्यानंतरची निगा. टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती राखणारं साधन) पहिल्याच दिवशी लावा : आरसिंक पद्धत, रोजच्या २ आणि आठवड्याच्या २ प्रती पुरे. २४० जीबीच्या एसएसडीवर याहून जास्त ठेवू नका, डिस्क भरते आणि मग लॉगिनच होत नाही. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम राखतं, होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं. तुमची पत्रं आणि फोटो त्यात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी डिस्क आणि वेगळा बॅकअप.

अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनचं पान आहे. जुने कर्नल आपोआप काढायचा पर्याय तिथे चालू करा. सगळे अपडेट आपोआप करायचा पर्याय मात्र आईबाबांच्या मशीनवर मी चालू ठेवणार नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी बसून करावेत.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच ॲप दोन रूपांत दिसेल, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. छोट्या एसएसडीवर आधी सिस्टिम पॅकेज बघा. पहिलं फ्लॅटपॅक स्वतःसोबत शेकडो एमबीची रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या फायली) आणतं. तपासणी न झालेली फ्लॅटपॅकं मिंट २२ पासून मुळात दाखवली जात नाहीत, ती सेटिंग तशीच राहू द्या.

चिकणमाती

एक राहिलं. सोसायटीचे हिशेब टॅलीवर असतील किंवा कुठल्या पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन लावायचं असेल तर त्यासाठी विंडोजचं एक मशीन हाताशी असू द्या. टॅली विंडोजसाठीच बनतं, आणि वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) ती कामं चालवण्याच्या भानगडीत हिशेबाच्या बाबतीत पडू नये.

मोगरा_४१

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. हिशेब एक्सेलमध्येच आहेत, टोकन नाही. एसएसडी आणि ४ जीबीची पट्टी मागवते. शेवटचा प्रश्न : काढलेली १ टीबीची डिस्क यूएसबी डबीत घालून टाइमशिफ्टलाच दिली तर एसएसडीवरची जागा वाचेल ना? तिच्यावर फोटो आहेत.

पाणवठा

वाचेल, पण आहे तशी देता येणार नाही. टाइमशिफ्टला ईएक्सटी४ सारखं लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) लागतं आणि तुमची डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची आहे. ती डिस्क फोटो आणि पत्रांसाठीच ठेवा, आणि तिच्या शेवटी ६० जीबीचं ईएक्सटी४ पार्टिशन टाइमशिफ्टसाठी करा. जागा लिनक्सवरून कापू नका. लॅपटॉपमध्ये असतानाच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक’ करा, मग उरलेल्या मोकळ्या जागेत मिंटच्या डिस्क्स साधनातून पार्टिशन बनवा. त्याआधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे हवीच.

चिकणमाती

आणि डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमध्ये दोन गोष्टी बघा. एक, डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर ते पूर्ण बंद करा, उलगडायला वेळ लागतो. दोन, पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून मग शटडाउन करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स अशी डिस्क फक्त वाचायला उघडतं. फोटो दिसतील, पण नवीन काही ठेवता येणार नाही.