शालेय संगीत शिक्षक घडवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम कसा असावा?

शुद्धसारंग

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात कंठसंगीत शिकवते. चार वर्षांच्या नव्या पदवी रचनेत आमच्या विभागाने शालेय संगीत अध्यापनाचा एक स्वतंत्र गट सुरू करावा असे ठरत असून, त्याचा पहिला मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमचे विद्यार्थी दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांतील बरेचसे विशारद ही संगीताची परीक्षाही उत्तीर्ण झालेले असतात, आणि निव्वळ मैफलींवर उपजीविका होणे फार थोड्यांच्या वाट्याला येत असल्यामुळे उरलेले बहुतेक सगळे या ना त्या रूपाने शिकवण्याकडेच वळतात. कोणी घरी वर्ग काढतो, कोणी शाळेत मानधनावर लागतो. मात्र शिकवायचे कसे, हे आम्ही त्यांना पदवीच्या काळात कुठेच शिकवलेले नसते. आपल्या गुरूंनी आपल्याला जसे शिकवले तसे ते शिकवू पाहतात आणि समोर एक शिष्य नव्हे, तर सहावीच्या वर्गातील साठ मुले बसलेली असतात.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा अभ्यासक्रमात नेमके काय असावे, आणि त्यासाठी गायन-वादनाचे तास कमी करावे लागले तर ते योग्य ठरेल का? विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की, आधी विद्यार्थी चांगला गाऊ लागू दे, शिकवणे आपोआप येते. दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. शाळेत लागलेली आमची चांगली, तयारीची मुले दोन-तीन वर्षांत ते काम सोडून देताना मी पाहते आहे. पदवी हातात दिली की विद्यापीठाची जबाबदारी संपते असे मानायचे का?

पेटीवाले गुरुजी

ताई, मी एका अनुदानित माध्यमिक शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे वर्गात रोज जे घडते तेवढेच लिहितो. आपल्या सहकाऱ्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. शिक्षकाचा सूर पक्का हवाच; तो नसेल तर कोणतीही अध्यापन पद्धती त्याला वाचवू शकणार नाही. पण शिकवणे आपोआप येते, हे मात्र खरे नाही.

एक उदाहरण पाहा. पुरुष शिक्षक साधारणपणे काळी एक किंवा काळी दोनमध्ये (पेटीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात), आपल्या सप्तकात षड्ज, म्हणजे 'सा', लावतो आणि मुलांना 'म्हणा' म्हणतो. पाचवीतल्या मुलांचा आवाज त्याच्या वरच्या सप्तकातला असतो. वर्गातील बरीच मुले नकळत वरच्या सप्तकात जुळवून घेतात, परंतु काही मुले गुरुजींचाच आवाज जसाच्या तसा गाठण्याचा प्रयत्न करतात, हनुवटी खाली दाबतात, घशातून घोगरा आवाज काढतात, आणि मग त्यांच्यावर बेसूर असा शिक्का बसतो, जो पुढे आयुष्यभर पुसला जात नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण यांतील बहुतेक मुले बेसूर नसतातच. इथे शिक्षकाने आपला गळा बाजूला ठेवून पेटीवर मुलांच्या सप्तकातला सूर द्यायला हवा, किंवा ज्या मुलीचा सूर स्थिर आहे तिला षड्ज लावायला सांगायला हवे. चुकणाऱ्या मुलाला जवळ बसवून, तो जो सूर सहज काढतो आहे तोच आधी पेटीवर शोधावा आणि तोच त्याच्याबरोबर गावा. आपला आवाज दुसऱ्या आवाजात मिसळला म्हणजे काय होते, हे त्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा जाणवते. तिथून एकेक स्वर चढवत त्याला वर्गाच्या षड्जापर्यंत आणता येते. हे विशारदच्या अभ्यासक्रमात कुठे आहे? सातवी-आठवीत मुलग्यांचे आवाज फुटू लागतात, त्या वेळी त्यांना गप्प बसवण्याऐवजी त्यांच्याकडे ठेका, टाळ किंवा दोन-तीन स्वरांत फिरणारी ओळ कशी द्यावी, हेही कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट तासाची. आठवड्यातून एकदा पस्तीस मिनिटे मिळतात, त्यांतील काही मिनिटे पेटी वर्गात येईपर्यंत आणि मुले स्थिर होईपर्यंत जातात. उरलेल्या वेळात साठ जणांना सरगम घोकायला लावली की मागच्या बाकांवर गोंधळ सुरू झालाच. मी वर्गाचे दोन भाग करीत असे. एका भागाने हातावर त्रितालाच्या टाळी-खाली धरायच्या, दुसऱ्याने तीन-चार स्वरांचा पलटा, म्हणजे ठरावीक क्रमाने फिरणारा स्वरसमूह, म्हणायचा आणि सोळा मात्रा संपताच कामांची अदलाबदल करायची. या गडबडीतच चार-पाच मुलांचे गाणे स्वतंत्रपणे ऐकून घेता येते आणि आपले मूल्यमापन कधी झाले, हे त्यांना कळतही नाही. नव्या शिक्षकाला अशा युक्त्या पुस्तकातून मिळत नाहीत. त्या दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पाहाव्या लागतात आणि मग कोणी पाहत असताना स्वतः कराव्या लागतात.

तेव्हा रियाजाचे तास कमी करू नका, पण रियाजात काय असावे याचा जरूर विचार करा. कंठसंगीताच्या पदवीधराला बहुधा स्वतःच्या पट्टीतच पेटी वाजवता येते. शाळेत लागणाऱ्या माणसाला कोणत्याही पट्टीत साधी साथ करता आली पाहिजे, केरवा-दादरा-त्रिताल तबल्यावर धरता आले पाहिजेत, आणि चार-दोन रागांतील बंदिशींबरोबर ओवी, भूपाळी, भारूड, पोवाडा आणि समूहगीते यांचा मुलांच्या गळ्याला झेपेल असा साठा जवळ असला पाहिजे.

तिलककामोद

गुरुजींनी वर्गातील बाजू मांडली आहे, म्हणून मी थोडी मागची आणि थोडी व्यवस्थेची बाजू मांडतो.

शिक्षक घडवणे हा विचार आपल्याकडे नवा नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा केवळ गायक तयार करणे हा त्यांचा उद्देश नव्हता. त्यांच्या उपदेशक वर्गातील विद्यार्थी संस्थेतच राहून शिकत आणि शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवीत. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्या परंपरेतील माणसे मैफलीत मोठी होतीच, पण त्यांतील बहुतेकांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या किंवा चालवल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. देवधरांनी १९२५ साली मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले, विनायकबुवांनी १९३२ साली पुण्यात. दुसरीकडे पं. भातखंडे यांनी १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभे करताना अभ्यासक्रम आणि क्रमिक पुस्तके यांवर भर दिला. पुढे विद्यापीठांच्या संगीत विभागांनी भातखंड्यांकडून अभ्यासक्रम, परीक्षा आणि स्वरलेखन घेतले, परंतु पलुसकरांच्या उपदेशक वर्गाची कल्पना बाहेरच राहिली, असे माझे मत आहे. आपला नवा गट हा त्या सुटलेल्या धाग्याशी जोडून घेता येईल.

आता व्यवस्थेबद्दल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आली. त्याच नियमावलीत प्रयोगजीवी कलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या स्वतंत्र पदविकेचीही तरतूद आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. पण 'कलाशिक्षण' या एकाच शीर्षकाखाली चित्रकला, संगीत आणि नाट्य सगळेच येते, आणि चित्रकलेसाठी ए.टी.डी. या कलाशिक्षक पदविकेसारखी सर्वपरिचित अर्हता असल्यामुळे, जिथे एकच जागा मिळते तिथे संगीताचा माणूस सहसा मागे पडतो. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीताला इतर कलांबरोबर स्पष्ट स्थान दिले आहे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना कोणत्या पदासाठी कोणती अर्हता चालेल, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावे आणि केवळ संगीत अध्यापनाचा गट पूर्ण केल्याने बी.एड.ची गरज संपते असा त्यांचा समज होऊ देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चारुकेशी

वरील शेवटचा मुद्दा माझ्या बाबतीत तंतोतंत लागू पडतो. संगीतात एम.ए. केल्यानंतर मी बी.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा त्या महाविद्यालयात संगीत ही अध्यापन पद्धती उपलब्धच नव्हती. मी मराठी आणि इतिहास या पद्धती घेतल्या, सर्व सराव पाठ कविता आणि शिवकाल यांवर दिले आणि आज शाळेत शिकवते ते संगीत. बी.एड.चा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. पाठाचे नियोजन, फलकलेखन, वर्गावर नजर ठेवणे हे तिथेच शिकले. पण दोन्हींचा सांधा मला माझा मलाच जुळवावा लागला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मला अधिक बोलायचे आहे, कारण मुले काम का सोडतात हे मी आतून पाहते आहे. शाळेत गणिताचे चार शिक्षक असतात, संगीताचा एकच असतो. आपला पाठ बरा झाला की वाईट, हे सांगणारे शाळेत कोणीही नसते. मुख्याध्यापकांना परिपाठाची प्रार्थना वेळेवर झाली, पाहुण्यांसाठी स्वागतगीत बसले आणि स्नेहसंमेलन पार पडले की काम झाले असे वाटते. डिसेंबरात नाचाच्या गाण्यांचे ट्रॅक शोधण्यात तास जातात. रिकामा तास दिसला की आपल्याला बदली तासावर पाठवतात. दिवसाला सहा तास मोठ्या आवाजात बोलून आणि गाऊन घसा बसतो, संध्याकाळी रियाजाला बसावे तर आवाज लागत नाही, आणि काही महिन्यांत आपण गायक उरलो नाही अशी भीती मनात बसते. माझ्या ओळखीच्या दोघींनी याच कारणाने नोकरी सोडली, पगाराच्या कारणाने नव्हे.

मला तारले ते जवळच्या गावातील एका ज्येष्ठ संगीत शिक्षिकेने. त्या महिन्यातून एखाद्या शनिवारी माझ्या वर्गात येऊन मागे बसत आणि नंतर फक्त दोन गोष्टी सांगत : एक जमलेली आणि एक पुढच्या वेळी बदलण्याची. सर्वांत आधी त्यांनी मला वर्गात सतत गाणे थांबवायला लावले. नमुना एकदा द्यायचा आणि मग मुलांना म्हणू द्यायचे, हे कळल्यावर माझा घसा वाचला. आवाजाची निगा हा विषय अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासून असावा असे मला मनापासून वाटते.

परदेशी_पिलू

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत असून इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत मुलांना गाणे शिकवतो, त्यामुळे इथल्या पद्धतीविषयी थोडेसे लिहितो. इथे सार्वजनिक शाळेत संगीत शिकवायचे तर राज्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी संगीत शिक्षणाची स्वतंत्र पदवी असते. शेवटच्या एका सत्रात विद्यार्थी पूर्णवेळ शाळेत असतो. शाळेतील अनुभवी शिक्षक रोज आणि विद्यापीठाचा पर्यवेक्षक अधूनमधून त्याचे पाठ पाहतात. व्हायोलिनवाल्यालासुद्धा तुतारीच्या जातीची वाद्ये, बासऱ्या आणि तालवाद्ये प्राथमिक पातळीवर वाजवायला शिकावे लागते, जे गुरुजींच्या 'कोणत्याही पट्टीत पेटी' या मागणीशी जुळते. तरीही इथले सगळे जसेच्या तसे उचलू नये. त्यांची रचना मुख्यतः बँड, ऑर्केस्ट्रा आणि कॉयर यांसाठी आहे. आपल्याकडे एका स्वरावर स्थिर होण्याला जे महत्त्व आहे, त्याची घडण आपली आपल्यालाच करावी लागेल.

शुद्धसारंग

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. मसुद्यात काही बदल आताच करत आहे. नव्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंगसाठी चार श्रेयांक, म्हणजे १२० तास आहेत. ते आम्ही एकाच महिन्यात उरकण्याऐवजी पूर्ण सत्रभर, आठवड्यातून दोन दिवस, एकाच शाळेत देण्याचा विचार करतो आहोत, म्हणजे विद्यार्थ्याला त्याच मुलांची प्रगती दिसेल. त्याआधी दुसऱ्या वर्षी नुसते वर्गनिरीक्षण राहील. आवाजाची निगा, सर्व पट्ट्यांतील पेटी आणि तबल्यावरील मूलभूत ठेके हे अनिवार्य करते आहे. रागांची संख्या थोडी कमी होईल. त्यावर सहकाऱ्यांशी वाद होणार, पण तो मी घालीन.

एक अडचण उरते. शाळेत विद्यार्थ्याचे पाठ पाहणार कोण? आमच्या विभागात आम्ही तिघेच आहोत आणि तालुक्याच्या शाळांपर्यंत दर आठवड्याला पोहोचणे अशक्य आहे.

पेटीवाले गुरुजी

ताई, आपल्या जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त संगीत शिक्षक नक्की असतील, आणि त्यांना कोणी विचारत नाही हेच त्यांचे दुःख असते. त्यांची यादी करा, प्रत्येकाकडे दोन किंवा तीन विद्यार्थी द्या, प्रवासखर्च आणि थोडे मानधन विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात रीतसर दाखवा. मानधन लहान असले तरी चालेल, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे आणि नियुक्तीचे पत्र विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी हातात असले पाहिजे, म्हणजे मुख्याध्यापक त्यांना वर्गात सन्मानाने बसू देतील. सुरुवातीला या शिक्षकांचीही दोन दिवसांची बैठक घ्या, कारण दुसऱ्याचा पाठ पाहून त्याला न दुखावता सांगणे हेही शिकावे लागते. चारुकेशी यांनी लिहिलेली एक जमलेली आणि एक बदलण्याची गोष्ट, हा नियम तिथे ठरवून टाकता येईल.

पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी हीच माणसे त्याच विद्यार्थ्यांकडे महिन्यातून एकदा जाऊ शकतात. शिवाय वर्षातून एकदा सगळ्या नव्या शिक्षकांना विभागात बोलवा, शक्यतो जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी, आणि त्या दिवशी सकाळी कोणतेही भाषण न ठेवता सगळ्यांना एकत्र रियाजाला बसवा. पुढच्या आठवड्यात आपण कच्चा मसुदा इथे टाकलात, तर पाचवी ते आठवीसाठी गीतांची आणि पलट्यांची यादी इयत्तेनुसार लावून देण्याचे काम मी आनंदाने करीन.