मदत हवी आहे: 'तानुकी' या जपानी प्राण्याला मराठीत काय म्हणू? (शिवाय सरस्वतीची एक भानगड झाली आहे)

नमस्कार मंडळी,

इथे ॲनिमे बघणारे आणि जपानी शिकलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. आधी कुणी काढला असेल तर हा उडवावा.

सुट्टीत बहिणीची मुलगी माझ्याकडे राहायला आली आहे. वय वर्षे नऊ. रोज रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी 'उचोतेन काझोकू' या जपानी ॲनिमे मालिकेचा एक भाग बघतो. सबटायटल्स इंग्रजी आणि पळतात भराभर, त्यामुळे मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगते. अडलंय ते तिथेच.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (रहस्यभेद आहे, सावध): क्योतो शहर. तिथे माणसं, तेंगू (जपानी लोककथांतली उडणारी डोंगरी भुतं) आणि रूप बदलणारे तानुकी एकत्र नांदतात. शिमोगामो देवळालगतच्या तादासु वनात एक तानुकी कुटुंब राहतं, आई आणि चार मुलगे. थोरला चिडला की वाघ होतो. दुसरा बेडूक होऊन एका देवळाच्या विहिरीत जाऊन बसलाय, बाहेर यायला तयार नाही. तिसरा यासाबुरो, गोष्ट तोच सांगतो. शेंडेफळ घाबरलं की त्याची शेपटी बाहेर येते. आणि बाप? बापाला 'शुक्रवार क्लब' नावाच्या मंडळींनी वर्षाअखेरच्या जेवणात शिजवून खाल्लं. मोरिमी तोमिहिकोच्या २००७ सालच्या कादंबरीवरून पी. ए. वर्क्सने २०१३ मध्ये तेरा भाग काढले, २०१७ मध्ये आणखी बारा.

आता अडचणी.

पहिली, तानुकी. सुरुवातीला मी 'कोल्हा' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांची हरकत आली, "मावशी, कोल्हा लबाड असतो. हे तर बावळट आहेत." मुद्दा बिनतोड. मग आजोळी कोकणात रात्री माळ्यावर धडपडणारा कांडेचोर आठवला, तोंडही साधारण तसंच वाटलं. दोन दिवस कांडेचोर चालला. मग, "यांनी चोरलं काय?"

दुसरी, 'आहो नो ची' (शब्दशः 'आहो'चं रक्त). हे लोक सारखे म्हणतात की आमच्या रक्तातच हे आहे. 'मूर्खपणा' म्हटलं तर शिवी होते आणि सगळी गंमत जाते.

तिसरी मोठी आहे आणि चूक माझीच. क्लबातल्या एका बाईचं नाव बेनतेन. मी शहाणपणा करून सांगितलं की बेनतेन म्हणजे आपली सरस्वती, जपानला गेलेली. चार भागांनी कळलं की ही बाईसुद्धा त्या जेवणाला होती. आता पोरीचा प्रश्न, "सरस्वतीने यासाबुरोच्या बाबांना खाल्लं?" शाळेत रोज या कुन्देन्दु म्हणणारी मुलगी आहे हो. त्यातून यासाबुरोला ती बाई आवडते, ते वेगळंच.

जाता जाता एक. या आईला विजेची भयंकर भीती. कडकडाट झाला की तिचं बदललेलं रूप गळून पडतं आणि मुलं असतील तिथून तिच्याकडे धावतात. परवा वळीव आला, दिवे गेले, तर भाची येऊन मला चिकटून बसली. म्हटलं, घाबरलीस? तर म्हणे, "नाही, तू घाबरलीस. मी धावत आलेय."

तर शब्द सुचवा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

कांडेचोर नको. तानुकी कुत्र्याच्या कुळातला आहे, कांडेचोराचं कूळच वेगळं. आपल्याकडे हा प्राणी नाही, त्यामुळे शब्दही नाही. 'तानुकी'च ठेवा. जपान्यांचाही गोंधळ कमी नाही. १९२४ साली तोचिगीकडच्या एका शिकाऱ्याला बंदी असताना तानुकी मारला म्हणून धरलं. तो म्हणाला, मी 'मुजिना' मारला. प्राणी एकच, पण गावाकडे दोन वेगळे मानत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२५ मध्ये तो सुटला. भाचीला शिगाराकीच्या मातीच्या तानुकीचा फोटो दाखवा: डोक्यावर गवताची टोपी, हातात साकेची (तांदळाच्या दारूची) बाटली, पुढे ढेरी. तिकडे खानावळींच्या दारात उभा असतो. बावळट का, ते सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद २

वरच्यांना +१.
'आहो' हा क्योतो-ओसाकाकडचा शब्द. तिकडे प्रेमानेही म्हणतात, 'बाका' म्हटलं तर मात्र झोंबतं. तेव्हा 'मूर्ख' बादच. 'येडेपणा' घ्या. "येडेपणा आमच्या रक्तातच आहे" हे आमच्या घरी दर दिवाळीत कुणीतरी म्हणतंच.

प्रतिसाद ३

सरस्वतीचं तुम्ही खोटं नाही सांगितलंत. बेनतेन म्हणजेच बेनझाइतेन, ती सरस्वतीच, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. पण ही बाई देवी नाही. ती माणूस आहे, खरं नाव सुझुकी सातोमी. बिवा सरोवराच्या काठावरून तेंगूने पळवून आणली आणि उडायला शिकवली. क्लबात सात जण, म्हणून जपानच्या सात भाग्यदेवतांची नावं वाटून घेतलीत. त्यातला दाइकोकुतेन मुळात महाकाल, बिशामोन म्हणजे कुबेर. भिशी समजा. भिशीतल्या बायकांनी लक्ष्मी, पार्वती अशी नावं घेतली म्हणून पदार्थ काही देवीने खाल्ला असं होत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोटो दाखवला. पाच मिनिटं हसून म्हणाली, "हा आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांसारखा आहे." तानुकी पक्का. 'येडेपणा'ही पास.

भिशीचं मात्र गणित चुकलं. माझी आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिथूनच ओरडली, "आमच्या भिशीत फक्त साबुदाणा वडे असतात, सांग तिला!"

आता शेवटचं. आज रात्री बाप कसा गेला तो भाग आहे. दुसऱ्या भावाने विहीर का धरली, तेही त्यातच कळतं असं वाचलं. कुणी मुलांसोबत पाहिलाय का? दाखवू की गाळू?

प्रतिसाद ४

गाळू नका, बेडकाचं दुःख कळणारच नाही. बाप तेंगू गुरुजींचा निरोप घेतो तो प्रसंग शांत आहे. माझा मुलगा दहाचा होता, रडला नाही, फक्त विचारलं की दादा विहिरीत एकटाच का बसलाय. रात्री नको, दुपारी बघा. आणि शेवटी तो बेडूक आगगाडी होऊन क्योतोच्या रस्त्यांवरून सुटतो, ते मात्र आधी सांगू नका.